डुकरांच्या साथीचा माग कसा काढतात

2020 सालच्या सुरुवातीला आसाम आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांत डुकरं मरू लागली. दोन-तीन महिने गेले आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की हा आफ्रिकन स्वाइन फीवर आहे. भारतात हा रोग पहिल्यांदाच आला होता. मे महिन्याच्या आरंभी एकट्या आसामात तीनशेहून अधिक गावांमधली अडीच हजारांवर डुकरं दगावल्याचं सरकारनं जाहीर केलं.

पहिलं डुक्कर मेलं आणि रोगाचं नाव कळलं, या दोन तारखांच्या मधल्या काळात विषाणू कुठल्या वाटेनं कुठे गेला, हे मागाहून शोधावं लागतं. हा शोध कसा चालतो ते आपण टप्प्याटप्प्यानं पाहू. आपल्याकडे दोन डुकरं असोत, दोनशे असोत किंवा एकही नसो, वाचायला अडचण येणार नाही.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. या विषाणूचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1921 साली केनियातून आलं. आफ्रिकेतल्या वॉर्टहॉग नावाच्या रानटी डुकरांत आणि त्यांच्या बिळांतल्या एका जातीच्या गोचिडांत तो मुक्काम करून असतो. वॉर्टहॉगला त्याचा फारसा त्रास होत नाही. पाळीव डुक्कर मात्र सहसा आठवडा-दहा दिवसांत मरतं. 2007 साली हा विषाणू जॉर्जिया देशात पोहोचला. तिथून रशिया, पूर्व युरोप असं करत ऑगस्ट 2018 मध्ये तो चीनमध्ये शिरला. जगातली जवळपास निम्मी डुकरं तेव्हा चीनमध्ये होती.

माणसाला हा रोग होत नाही, हे इथेच ठळकपणे सांगायला हवं. 2009 साली पुण्यात ज्याची धास्ती होती तो स्वाइन फ्लू हा वेगळा विषाणू. नावं सारखी वाटतात म्हणून गावात अफवा उठतात, आणि अफवा उठली की लोक आजारी जनावर लपवतात. माग तुटायला एवढं पुरतं.

आता पहिला टप्पा, डुकरांच्या वाड्यातला. डुक्कर खाणं सोडतं, कोपऱ्यात पडून राहतं, ताप 40 ते 42 अंशांपर्यंत चढतो. कानांवर, पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी लाल-जांभळी पडते. काहींना रक्ताची हगवण लागते, गाभण माद्या गाभडतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार दिवसांपासून एकोणीस दिवसांपर्यंत कितीही काळ जाऊ शकतो.

पहिली मोठी फसगत इथेच होते. इतका जीवघेणा रोग वाड्यात आला तर सगळी डुकरं एकदम आडवी होतील, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. हा विषाणू मारण्यात जबर असला तरी पसरण्यात सुरुवातीला संथ आहे. तो रक्तात सर्वांत जास्त असतो, हवेतून फार लांब जात नाही. आधी एक डुक्कर मरतं. चार-सहा दिवस काहीच घडत नाही, मग शेजारच्या कप्प्यातली दोन जातात. पालक म्हणतो, उन्हानं गेलं असेल, खाण्यातून काहीतरी झालं असेल. मरतूक डोळ्यांत भरेपर्यंत दोन-तीन आठवडे उलटलेले असतात, आणि तेवढ्यात त्या वाड्यातून पिल्लं, मांस, खताच्या पाट्या, माणसं असं सगळं बाहेर गेलेलं असतं. म्हणून मरतूक किती टक्के झाली याची वाट पाहू नये. तापाचं एक मोठं डुक्कर कारणाशिवाय मेलं, तरी कळवावं.

दुसरी फसगत नावाची. आपल्याकडे पूर्वीपासून असलेला स्वाइन फीवर (आता त्याला क्लासिकल स्वाइन फीवर म्हणतात) बाहेरून हुबेहूब असाच दिसतो. विषाणू मात्र अगदी वेगळ्या कुळातला. त्यातच 2013 साली मिझोरामात पीआरआरएस हा डुकरांच्या श्वसनाचा आणि गर्भपाताचा रोगही आला. केवळ डोळ्यांनी पाहून या तिघांत फरक करणं अनुभवी पशुवैद्यकालाही जमत नाही. क्लासिकल स्वाइन फीवरची लस टोचलेली डुकरं तशाच लक्षणांनी मरत असतील, तर आफ्रिकन स्वाइन फीवरची शंका अधिक घट्ट होते.

रोगाचं नाव घाईनं पक्कं केलं की काय होतं, हे मलेशियानं भोगलं आहे. 1998 च्या सप्टेंबरात तिथल्या इपोह शहराच्या परिसरात वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. हा डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर असावा असं ठरवून फवारणी आणि लसीकरण सुरू झालं. लस घेतलेली माणसंही आजारी पडत होती, आजारी पडणारे बहुतेक डुकरांत काम करणारे प्रौढ पुरुष होते, आणि डुकरंही खोकत होती. या तिन्ही गोष्टी जपानी मेंदूज्वराशी जुळत नव्हत्या. दरम्यान भीतीनं विकलेली डुकरं ट्रकांतून दक्षिणेला गेली आणि रोगही त्यांच्यासोबत गेला. मार्च 1999 मध्ये मलाया विद्यापीठातले विषाणुशास्त्रज्ञ चुआ काव बिंग यांनी नवा विषाणू वेगळा काढला. तोच निपाह. मलेशियात शंभरावर माणसं गेली, सिंगापूरमध्ये कत्तलखान्यातल्या अकरा कामगारांना लागण होऊन एकाचा मृत्यू झाला, दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. त्याबरोबर डुकरांची वाहतूकही थांबवली, तेव्हा साथ आवरली. न जुळणारं लक्षण बाजूला न सारता तेच आधी तपासायचं, हा धडा त्या साथीनं दिला.

पुढचा टप्पा खबर देण्याचा. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतचा 2009 चा केंद्रीय कायदा सांगतो, की अनुसूचित रोगाची शंका आली तर जनावराच्या मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं आणि तिथून ती खबर पशुवैद्यकापर्यंत जावी. आफ्रिकन स्वाइन फीवर त्या यादीत आहे. आपण थेट पशुवैद्यकीय दवाखान्यातही सांगू शकता, किंवा 1962 या क्रमांकावर फोन करू शकता.

लोक हा फोन का करत नाहीत? मला यात पालकांचा दोष कमी आणि व्यवस्थेचा जास्त दिसतो. नुकसानभरपाई मिळते ती साथ थांबवण्यासाठी सरकारनं मारलेल्या डुकरांची. रोगानं आधीच गेलेल्यांची ती मिळत नाही. ती हातात पडायला वेळ लागतो, आणि तोवर घरचं भांडवल शून्य झालेलं असतं. अशा वेळी उरलेली डुकरं मिळेल त्या भावात रातोरात विकून टाकावी असं वाटणं साहजिक आहे. पण हीच घाईची विक्री विषाणूला सर्वांत वेगानं लांब नेते. भरपाई वेळेवर आणि बाजारभावानं मिळेल असा भरवसा असलेल्या भागात फोन लवकर येतात. माग काढण्याच्या सगळ्या साधनांमध्ये हा भरवसा मी सर्वांत वर ठेवीन.

फोन गेल्यावर पशुवैद्यक नमुने घ्यायला येतात. तोवर आपण वाड्याचं दार बंद ठेवावं, मेलेलं डुक्कर हलवू नये आणि मुख्य म्हणजे कापू नये. रक्ताच्या काही थेंबांतही पुष्कळ विषाणू असतो. एक पोट उघडलं की अख्खी जमीन दूषित होते.

जिवंत आजारी जनावराचं रक्त, ते गोठू न देणाऱ्या नळीत घेतात. मेलेल्याची प्लीहा, लसिकाग्रंथी, टॉन्सिल, मूत्रपिंड यांचे तुकडे घेतात. शव सडलं असेल तर लांब हाडातली मज्जा चालते, कारण तिच्यात विषाणू बराच काळ टिकतो. नमुने बर्फावर, तीन वेष्टनांत बंद करून पाठवतात.

नमुना वाया जाण्याची कारणं अगदी साधी असतात. रक्ताची नळी थेट फ्रीजरमध्ये गोठवली, की रक्तपेशी फुटतात. अवयवाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवला, की त्यातली जनुकीय सामग्री शोधणं कठीण होतं. खूणचिठ्ठी शाईनं लिहिली आणि बर्फ वितळून शाई पुसली, तर कुठला नमुना कुठल्या वाड्यातला हेच कळत नाही. पेन्सिलीनं लिहावं, आणि टोपणावर न लिहिता नळीवर लिहावं, कारण टोपणं बदलली जातात.

डुकरांच्या इतर काही विषाणूंसाठी अमेरिकेत वापरात आलेली एक सोपी पद्धत आहे. कप्प्यात सुती दोर टांगायचा. डुकरं कुतूहलानं तो चघळतात. वीस-तीस मिनिटांनी दोर पिळला, की अख्ख्या कप्प्याची लाळ एका नळीत मिळते. सुई नाही, पकडापकड नाही. पीआरआरएसवर नजर ठेवायला ही पद्धत मोठ्या फार्मांवर रुळली आहे.

प्रयोगशाळेत मुख्य चाचणी असते पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेऊन ओळखण्याची पद्धत. दुप्पट करण्याच्या एका फेरीला चक्र म्हणतात. थोड्या चक्रांत तुकडा दिसला तर विषाणू भरपूर. पस्तिसाच्या पुढे कुठेतरी दिसला तर विषाणू फार थोडा, किंवा शेजारच्या नमुन्याचा शिंतोडा. अशा काठावरच्या निकालावर निर्णय न घेता पुन्हा नमुना मागवतात.

दुसरी चाचणी प्रतिपिंडांची, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांची. ती स्वस्त आहे, पण इथे अपुरी पडते. प्रतिपिंडं दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तोवर डुक्कर बहुधा मेलेलं असतं. फक्त ही एकच चाचणी करून वाडा निरोगी ठरवणं ही चूक अनेकदा घडते. मंद रोग होऊन वाचलेली जनावरं शोधायला मात्र ती उपयोगी पडते. 2021 साली चीनमधल्या संशोधकांनी अशा सौम्य विषाणूंची नोंद केली. मरतूक कमी असल्यानं ते महिनोन्महिने नजरेआड राहू शकतात.

निकाल पक्का झाला की देश ती बातमी पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवतो. नव्यानं आलेल्या रोगासाठी मुदत चोवीस तासांची आहे. ही नोंद जगाला खुली असते, आणि शेजारी देश तिच्यावरून आपापल्या सीमा सावध करतात.

आता कामाचा गाभा. ज्या वाड्यात रोग पहिल्यांदा नोंदला गेला, तिथूनच साथ सुरू झाली असं गृहीत धरू नये. तो फक्त पहिल्यांदा उजेडात आलेला वाडा असतो. तपासनीस तिथून दोन्ही दिशांना जातात. मागे, म्हणजे विषाणू इथे कुठून आला; पुढे, म्हणजे इथून कुठे गेला. पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसापासून मागे किमान पंधरा दिवस, शक्य तर महिनाभर, दिवसागणिक काय घडलं ते लिहून काढतात.

प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून असतं. “बाहेरचं कोणी आलं होतं का?” असं विचारलं तर उत्तर येतं, “कोणी नाही.” खोटं बोलायचं म्हणून नव्हे. रोज येणारी माणसं बाहेरची वाटतच नाहीत. म्हणून एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. पिल्लं बघायला व्यापारी आला होता का? खच्ची करणारा? लस टोचणारा? त्यानं सगळीकडे एकच सुई वापरली का? फळवायला नर कुठून आणला, आणि आपल्याआधी तो कुठल्या वाड्यात होता? गाडीवाल्यानं त्या दिवशी आणखी कुठून डुकरं भरली? घरी लग्नकार्य होतं का, मांस कुठून आलं, धुवण कुठे ओतलं? पशुवैद्यकानं स्वतःच्या फेरीचाही हिशेब द्यावा. त्याचे बूटही वाड्यावाड्यातून फिरलेले असतात.

सर्वांत जास्त विसरली जाणारी वाट म्हणजे खरकटं. हॉटेलातलं, खानावळीतलं, मेसमधलं उरलेलं अन्न डुकरांना घालणं जगभर चालतं. पण गोठवलेल्या, खारवलेल्या, सुकवलेल्या डुकराच्या मांसात हा विषाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. 1957 साली लिस्बनला तो पोहोचला तो विमानातल्या उरलेल्या अन्नातून, असं मानलं जातं. जॉर्जियातही बंदरावरच्या जहाजांतल्या खरकट्यावर संशय आहे. म्हणजे शेकडो किलोमीटरची उडी दिसली, की डुकरापेक्षा माणसाच्या डब्यावर आधी संशय घ्यावा. खरकटं घालायचंच असेल, तर ते सतत ढवळत 90 अंशांवर किमान एक तास तापवत ठेवावं, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उकळी फुटली की उतरवलं, हे पुरेसं नाही.

हे सगळं नकाशावर मांडलं, की क्षेत्रं आखतात. भारताच्या कृती आराखड्यात रोगस्थळापासून एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचं निगराणी क्षेत्र असतं. बाधित क्षेत्रातली डुकरं मारून खोल पुरतात. निगराणी क्षेत्रात ने-आण बंद करून नमुने घेत राहतात. पण वर्तुळ कंपासनं आखता येतं, रोग तसा पसरत नाही. बारा किलोमीटरवरच्या बाजारात गेलेलं एक पिल्लू वर्तुळाबाहेर असतं. नाव घेऊन काढलेला माग लागतो तो यासाठीच.

जंगलातला माग आणखी कठीण. 2020 मध्ये आसामात लोकांनी मेलेली डुकरं ब्रह्मपुत्रेत सोडली, ती वाहत खाली गेली. काझीरंगातली रानडुकरं गावांकडे येऊ नयेत म्हणून आगराटोली भागात चर खणावा लागला. मानसच्या गवताळ रानात जगातलं सर्वांत लहान रानडुक्कर, पिग्मी हॉग, तग धरून आहे. त्याच्यासाठी हा विषाणू म्हणजे नामशेष होण्याचा धोका. दक्षिणेत 2022 च्या जुलैत केरळच्या वायनाडमधल्या फार्मांवर रोग सापडला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरं मेलेली आढळली. तिथून उत्तरेकडे पश्चिम घाटाची सलग रांग सह्याद्रीपर्यंत येते आणि तिच्यात रानडुकरं भरपूर आहेत, हे आपण ध्यानात ठेवावं.

रानात रक्ताचे नमुने घेत फिरण्यापेक्षा मेलेली जनावरं शोधणं अधिक फळतं. 2017 मध्ये चेक प्रजासत्ताकात आणि 2018 मध्ये बेल्जियममध्ये रानडुकरांत रोग आला. दोन्ही देशांनी कुंपणं घातली, रान पिंजून शवं उचलली आणि साथ संपवली. गुराखी, वनरक्षक, फिरस्ते यांनी दिलेली “तिकडे एक रानडुक्कर मरून पडलंय” ही खबर तिथे सर्वांत मोलाची ठरली.

शेवटचा धागा जनुकांचा. या विषाणूच्या डीएनएत सुमारे एक लाख नव्वद हजार अक्षरं असतात. विषाणू वाढताना ती पुन्हा पुन्हा उतरवली जातात. हस्तलिखित पोथीच्या नकलेत एका लेखनिकाची चूक पुढच्या सगळ्या प्रतींत उतरते आणि जाणकार तिच्यावरून प्रतीचं घराणं ओळखतात, तसंच इथे चालतं. पी72 नावाच्या प्रथिनाच्या जनुकावरून या विषाणूचे वीसहून अधिक प्रकार पाडले आहेत. जॉर्जियापासून चीनपर्यंतचा प्रकार दुसरा. 2020 मध्ये आसामात सापडला तोही दुसराच.

यावरून विषाणू चीनकडूनच आला असं म्हणता येईल का? तेवढ्यावरून नाही. चीननं एप्रिल 2019 मध्ये अरुणाचलला लागून असलेल्या तिबेटातल्या निंगची भागात रोग नोंदवला होता, त्यामुळे तशी शंका घेतली गेली. पण हा विषाणू फार सावकाश बदलतो, म्हणून हजारो किलोमीटरवरचे नमुनेही जवळजवळ सारखे निघतात. एका जनुकावरून घराणं कळतं, वाट कळत नाही. वाटेसाठी पूर्ण डीएनए वाचावा लागतो, आणि सोबत गाड्यांचा, बाजारांचा हिशेब लागतो. शिवाय 2023 मध्ये चीनमधून पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांची सरमिसळ झालेले विषाणू नोंदले गेले. एकच जनुक पाहणाऱ्याला ही सरमिसळ दिसणारच नाही.

साथ ओसरल्यावर वाडा धुऊन, जंतुनाशक मारून किमान चाळीस दिवस रिकामा ठेवावा. मग नेहमीच्या संख्येच्या दहाव्या हिश्शाइतकीच डुकरं आणून सहा आठवडे नजरेखाली ठेवतात. ती सगळ्या कप्प्यांतून फिरली पाहिजेत. एका स्वच्छ कोपऱ्यात ठेवली तर परीक्षा होतच नाही. ती निरोगी राहिली तरच वाडा पुन्हा भरावा. बहुतेक पालक इथे घाई करतात आणि दुसऱ्यांदा बुडतात.

व्हिएतनामनं 2023 पासून या रोगाच्या लसी देशभर वापरायला परवानगी दिली आहे. भारतात आज तरी लढा आहे तो विषाणूला दाराबाहेर ठेवण्याचा आणि आला तर लवकर ओळखण्याचा.

म्हणून आपल्याकडे डुकरं असतील तर आजच एक वही घाला. तारीख, काय आत आलं, काय बाहेर गेलं, कोण आलं, कुठली गाडी, खरकटं कुठलं, नर कुणाचा, कुठल्या जनावराला ताप, कुठलं मेलं. रोज दोन ओळी पुरेत. डुक्कर अचानक मेलं तर ते विकू नका, वाटू नका, ओढ्यात टाकू नका. दार लावा आणि 1962 ला फोन करा.